कोपऱ्यातला कलता खांब

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमच्या म्हसरूळच्या घराला कुंपण घातलं, ते चोरांमुळे नव्हे, आईमुळे. आईला एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. घरात कुणाचं लक्ष नसलं की ती पदर खोचून बाहेर पडायची आणि दिंडोरी रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी राहायची. तिला मळ्यात जायचं असायचं. द्राक्षांचा तो मळा विकून आम्ही शहरात आलो त्याला बरीच वर्षं झाली होती, पण हे तिला पटवायचं कुणी? एकदा ती खरंच गाडीत चढली. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं, म्हणून ती घरी आली. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

पुण्याहून भावाने फोनवर हुकूम सोडला की चांगली उंच भिंत बांधून टाका. लांब राहणाऱ्यांना सल्ले पटापट सुचतात. वडील म्हणाले, "भिंत नाय. तिला रस्ता दिसला पायजे. जाता येऊ नये, एवढंच."

म्हणून जाळी. माझं सासर नाशकातच, त्यामुळे असल्या खरेदीला सोबत मीच. द्वारका चौकाजवळच्या एका लोखंडाच्या दुकानात आम्ही गेलो. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात उरकेल. जाळी घ्यायची, लोखंडी अँगलचे खांब घ्यायचे, रंग मारायचा, संपलं. सगळी कॉलनी तेच करत होती. वडिलांनी अँगलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या धारेला आईचा हात कापेल, आणि रंग काय, दोन पावसाळ्यांत पोपडे धरणार. त्यांना जस्त चढवलेला गोल पाईप हवा होता, आणि दुकानदाराने दाखवलेला पहिला पाईप त्यांनी नाकारला, कारण तो बाहेरून चकचकीत होता आणि आत बोट घातल्यावर बोट तांबूस निघालं.

"काका, आतून कोण बघणार आहे?" दुकानदार हसून म्हणाला.

"गंज बघतो," वडील म्हणाले.

मग जाड पाईप निघाले, निळ्या पट्ट्याचे. वडिलांनी ते आतून-बाहेरून तपासले, जमिनीवर आपटून आवाज ऐकला. खांब झाले. त्यानंतर त्यांनी आडव्या पाईपचा विषय काढला. जाळीच्या वरच्या कडेला लोक साधी तार ओढतात. वडिलांना तिथे सलग पाईप हवा होता, हाताच्या मुठीत मावेल एवढ्या जाडीचा. दुकानदार म्हणाला, उगाच खर्च. वडील म्हणाले, "तिला धरून चालता येईल." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी आईचं सांगितलं. वरची टोकं आत दुमडलेली जाळी त्याने स्वतःहून काढून दिली, पदर अडकू नये म्हणून.

इथवर मला वडिलांचं कौतुकच वाटत होतं. बिघडलं ते खांब उभे करताना. फिटर ओळंबा लावून सरळ खांब रोवत आला आणि कोपऱ्याशी वडिलांनी त्याला थांबवलं. कोपऱ्याचा खांब बाहेरच्या अंगाला कलता हवा, त्याला बाहेरून जाड तारेचा ताण हवा आणि ती तार जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधायला हवी. द्राक्षाच्या मांडवाचा टोकाचा खांब असाच असतो, नाहीतर घडांच्या ओझ्याने सगळा मांडव आत ओढला जातो. पण इथे ना वेल, ना घड. फिटरने समजावलं, मी समजावलं. आडवा पाईप आहे, बुडाशी काँक्रीट आहे, खांब कुठे पळून जाणार आहे? वडील हट्टाला पेटले. उभ्या आयुष्यात त्यांनी टोकाचा खांब सरळ रोवला नव्हता आणि आता म्हातारपणी रोवणार नव्हते. शेवटी चारही कोपरे कलते झाले. आडवा पाईप तिथे पोचेना, म्हणून तुकडे जोडावे लागले. पुढच्या कोपऱ्यांचे पुरलेले दगड रस्त्याच्या कडेला गेले आणि येणारे-जाणारे तारांना अडखळू लागले. शेजारी विचारायचे, "काय, द्राक्षं लावताय का?" मला लाज वाटायची आणि रागही यायचा. कुंपण मला कधीच आवडलं नाही, आजही त्याचे कोपरे वाकडेच दिसतात.

पहिले काही दिवस आईने जाळीकडे लक्षच दिलं नाही. ती फाटकाशी जायची, कडी बाहेरून असल्यामुळे परत यायची, चिडायची. मग एका सकाळी मी भाजी घेऊन गेले, तर ती आडव्या पाईपवर हात ठेवून कुंपणाच्या कडेने चालत होती. कोपऱ्याशी थांबली. जाळीवरून हात घालून तिने ताणाची तार धरली, हिसका देऊन पाहिली, खांबाला थापटलं आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाली. मळ्यात छाटणीआधी ती हेच करायची. त्या दिवसापासून तिचा रस्त्यावर जायचा हेका सुटला. फाटक उघडं राहिलं तरी ती बाहेर पडेना. मळ्यातच तर होती, जाणार कुठे?

वडील रोज तिच्यामागून अंतर ठेवून चालत. ती आता त्यांना ओळखत नव्हती, घरात कुणीतरी परका माणूस वावरतो म्हणून कधी कधी घाबरायचीही. अशाच एका सकाळी मी पायरीवर शेंगा निवडत बसले होते. आईने कोपऱ्यातली तार ओढून पाहिली आणि वळून वडिलांना विचारलं, "दादा, हा ताण तुम्ही दिला का? लय बेस बसलाय. आमचे हे असाच देत्यात."

वडिलांनी पुढे होऊन तारेवर हात ठेवला.

"त्यांच्याच हाताखाली शिकलो, वहिनी," ते म्हणाले.

"मंग घरचेच की तुम्ही," आई म्हणाली. "बसा, चहा टाकते. ते येतीलच आता."

ती आत गेली. वडिलांनी चपला पायरीखाली काढून ठेवल्या आणि ओट्याच्या कडेला, पाहुणा बसतो तसे, बसून राहिले.