पल्लवीचं मीटर अन् माझा टिनाचा कूलर

सगळ्यात आधी कोण आलं असंन? समोरची कुसुमबाई! माझी नात पल्लवी नागपूरहून येऊन पाणीबी प्याली नव्हती.

पल्लवी मोठ्या इमारतींतली एसीची हवा तपासते. हवेचा वेग अन् दाब मोजायचं हातातलं मीटर असते तिच्यापाशी. तिनं ते माझ्या जुन्या टिनाच्या कूलरसमोर धरलं, तर पाच आलं, चांगलं हाये म्हणे. मी खूश! पोरगा दोन वर्षांपासून हा कूलर भंगारात द्या म्हणून राहिला ना.

कुसुमबाई म्हणे, "आमचाबी पाहू." मग आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. तिनं मीटर सोताच हातात धरलं अन् नव्या कूलरसमोर पंधरा आलं.

"काहो सुमनबाई, तिप्पट!"

माझा तर जीवच जळला. खोटं कशाले बोलू, तिचा चहाबी मले कडू लागला.

तेवढ्यात पल्लवीनं स्क्रीन पाहिली अन् हसायले लागली. "आजी, आकड्याखालची अक्षरं पाह्य. कुसुमआजीच्या अंगठ्यानं बटन दाबल्या गेलं अन् माप बदललं. तुझे पाच मीटर सेकंदाले, तिचे पंधरा किलोमीटर तासाले. तुझे तासाले अठरा होतात!"

मी आपली आकडाच वाचून राहिली होती. आता जळायची पाळी कुसुमबाईची, अन् मले लय बरं वाटलं.

बायांनो, दुसऱ्याचा आकडा मोठा दिसला का तुम्ही तरी खालची अक्षरं पाहता का?

कुसुमबाई कूलरच्या जाळीतली गवताची घास बदलून पुन्हा मोजून घेणार हाये. पल्लवी नागपूरहून मीटर घेऊन अन् ती समोरून, दोघीबी रविवारी माझ्याकडे येतो म्हणाल्या.