योर्विनची आई

असुआ गावच्या बेसबॉल मैदानावर सोळा वर्षांचा योर्विन चेंडू फेकून थांबला, तेव्हा खेळाडू हेरायला आलेल्या मोठ्या क्लबांच्या माणसांनी वेग मोजायचं यंत्र पिशवीत टाकलं. "चौऱ्याऐंशी मैल! आणि अंगात नुसत्या काड्या!" असं म्हणत ते निघून गेले. म्हातारा एलिहिओ तेवढा थांबला. चाळीस वर्षं तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी पोरं, हुडकत फिरत होता. पोराचा खांदा सैल होता, मनगट झकास वळत होतं. उंचीच काय ती कमी.

"चल, तुझी आई दाखव," तो म्हणाला.

आई, डोन्या फिदेलिना, म्हणजे फिदेलिनाबाई, चांगली सहा फुटी निघाली. "बसा, कॉफी टाकते," म्हणेपर्यंत तिला दिसलं, की शेळी वाळत घातलेली चादर चघळतेय. तिनं उभ्या जागेवरून पायातली चप्पल भिरकावली. तीस पावलांवर ती शेळीच्या पाठीत नेमकी बसली.

एलिहिओ हसत सुटला. "डोन्या, तुम्ही फार उशिरा भेटलात हो!"

"माझं राहू द्या. ह्याला न्या आणि आधी खायला घाला मेल्याला!"

एलिहिओच्या क्लबच्या करारावर योर्विनची सही झाली. तीन वर्षांत तो वीतभर वाढला, चेंडू पंच्याण्णव मैलांनी जाऊ लागला. पहिल्या मोठ्या सामन्यात त्यानं नऊ जण बाद केले, तेव्हा फिदेलिना प्रेक्षकांत उभी राहून पंचाला शिव्या घालत होती.