स्वेटरमधली पिल्लं आणि माजिवड्याचे पाहुणे

स्वेटरच्या आत चार पिल्लं ठेवून लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांचं स्वागत करू नये, असं माझं अनुभवाअंती मत आहे.

निवृत्तीनंतर मला लावा पक्ष्याची अंडी उबवायचं खूळ लागलं. आमच्या ठाकुर्लीच्या वन बीएचकेत, हॉलच्या कोपऱ्यात खोका मांडून वर बल्ब टांगला. (माझी बायको नीलिमा त्याला ‘यांचं बाळंतपण’ म्हणायची!) आणि गौरीला, आमच्या लेकीला, बघायला माजिवड्याहून मंडळी यायची, नेमकी त्याच सकाळी अंडी फुटली. सुपारीएवढे जीव! माझा तर आनंदाने ऊर भरून आला.

पाहुणे जिन्यात आणि लाईट गेली. जानेवारीची थंडी, त्यात बल्ब बंद. पिल्लं कुडकुडायला लागली. ऊब तुटली तर ही काही जगत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मागचा-पुढचा विचार न करता चौघांना उचललं आणि स्वेटरच्या आत सोडलं.

मुलगा, निखिल, वाकून पाया पडला. मी छातीवर हात दाबून खांबासारखा ताठ! तेवढ्यात एक पिल्लू काखेत शिरलं आणि मी असा काही कळवळलो, की मुलाच्या आईने पोह्यांची डिश खाली ठेवली.

“यांना घाम फुटलाय. आधी आडवं करा.”

झालं! मला सोफ्यावर आडवं केलं. निखिलने म्हणे ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलेलं. बाह्या सारून तो माझी छाती दाबायला पुढे आला.

“दाबू नका! आत पिल्लं आहेत!” मी ओरडलो.

मला भ्रम झालाय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मुलाच्या वडिलांनी माझे पाय धरले. (उलटं व्हायला हवं होतं!) शेवटी गौरीनेच माझा स्वेटर वर केला आणि एक पिल्लू टुणकन पोह्यात उतरलं. चौघंही ठणठणीत!

निखिलने चौघांना ओंजळीत घेतलं आणि लाईट येईपर्यंत तोंडाची वाफ देत बसला. गौरी त्याच्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

लग्न ठरलं. फक्त निघताना मुलाच्या आईने नीलिमाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हे असं... घराण्यात आहे का?”

“अजिबात काळजी करू नका,” नीलिमा म्हणाली. “गौरी पूर्ण माझ्यावर गेलीये.”