कुसुमचे हात

भूत, बाधा, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कोणी मला "आता तरी पटलं ना?" असं विचारायला नको. नाही पटलेलं!

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. सायकॉलॉजी घेऊन मी नागपूरला बी. ए. झाले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील गेल्यावर काकांनी माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न घाईनं उरकलं. नवरा बिजवर. गोविंदराव त्यांचं नाव. गाव तिरोड्याजवळ, घरची धानाची शेती. त्यांची पहिली बायको सोनी जन्मापासून बहिरी-मुकी होती आणि तापानं गेली होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच निरोप आला – कुसुमची वाचा गेली.

मी पोचले तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. वाळून काटकी झालेली. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नाही. मधूनच तिचे हात उचलले जायचे. उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून खाली ओढायची, मग पोटावर तळवा फिरवायचा, मग रिकामी मूठ समोर उघडायची. पुन्हा कान, पोट, मूठ...

"सोनीनं धरलं तिले," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "थे मुकी होती, म्हनून हे बी मुकी झाली."

"मावशी, ही बाधा नाही. मनाचा आजार आहे."

"मनाले कायचा आजार? उद्या भगत येऊन राहिला. विळा तापवून डाग देते तो. मंग पाहा, बोलते का नाई."

गोविंदरावांना मी अंगणात गाठलं आणि कुसुम इथे कशी राहत होती ते खोदून खोदून विचारलं. मान खाली घालून ते बोलले. कुसुम बडबडी, हसरी. सासूला ते खपायचं नाही. तोंड उघडलं की शिव्या, तिच्या शहरी बोलण्याची नक्कल, आणि जेवायला सगळ्यांच्या मागून, उरलं तर. वर दिवसभर त्या मुक्या सवतीचं कौतुक – थे कशी गुमान काम करे! सोनीची आई जवळच्याच मुर्री गावात असते, हेही त्यांनीच सांगितलं.

मला हवं ते सगळं मिळालं. ज्या घरात मुक्या बाईचीच तेवढी तारीफ होते, तिथे बोलणाऱ्या मुलीचं तोंड बंद झालं तर त्यात भुताचं काय काम? मन आपली सुटका अशीच शोधतं. हिस्टेरियात वाचा जाते, पाय लुळे पडतात, डोळ्यांना दिसेनासं होतं, आणि शरीरात दोष काही नसतो. हे मी शिकले होते. आणि ते हातवारे? मुक्या माणसाची नक्कल, दुसरं काय!

"सोनीची आई आहे ना मुर्रीला?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. "तिला आणा. तिनं आपल्या लेकीचे हात ओळखले तर मी बाजूला होते. नाही ओळखले, तर कुसुमला कोणी हात लावायचा नाही."

सासूबाई उखडल्या. "काऊन? थे बुढी कायले पाह्यजे इथं?"

पण गोविंदराव उठले. आईच्या शब्दाबाहेर ते पहिल्यांदाच गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगत आला. अंगण माणसांनी भरलं, शेगडीत विळा लाल व्हायला लागला. मी पडवीच्या तोंडाशी उभी राहिले.

"बाई, सरका बाजूले."

"नाही सरकत."

तेवढ्यात गोविंदराव म्हातारीला घेऊन आले. ती पडवीत आली तशी कुसुमनं मान वर केली आणि तेच सुरू झालं... कान, पोट, मूठ. म्हातारी जागच्या जागी थिजली. तिनं डोक्यावरचा पदर सरकवला. तिच्या उजव्या कानाची पाळी फाटून खाली लोंबत होती.

"मले हाक मारून राहिली..." ती पुटपुटली. "हे हातानं करायची खून माह्या सोनीची. माहा कान म्हंजे माय. माह्याजवडच करे. माय, भूक लागली, जेवाले दे नं..."

माझा पुरावा माझ्यावरच उलटला होता.

भगतानं विळा उचलला. "सोनीच हाये म्हंते. मंग देऊ द्या डाग."

आणि ती म्हातारी गर्रकन वळली. "माही सोनी हाये म्हंतेस आन् तिलेच डाग देतेस? जित्तेपनी पोटभर जेवू नाई देल्लं माह्या पोरीले, आता जाळता? ये, पहिले मले लाव तुहा विळा!"

सासूबाईंची मान खाली गेली. भगत पुटपुटत विळा टाकून निघून गेला. म्हातारीनं चुलीवरची पेज वाटीत घेतली आणि मांडीला मांडी लावून बसत कुसुमला भरवली. कुसुम अधाशासारखी जेवली, तिथंच कलंडून झोपली. दिवस कलला तेव्हा उठून म्हणाली, "ताई? तू कधी आलीस गं?"

तिला मी नागपूरला घेऊन आले. गोविंदरावांनी गोंदियाला वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हाच परत पाठवली. पुन्हा तसं काही झालं नाही. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही.

वाचा का गेली ते मला कळतं, आणि त्यावर मी कोणाशीही वाद घालीन. पण तो कान? कुसुमनं त्या म्हातारीला आधी कधी पाहिलं नव्हतं. सोनी सासरी ती खूण करायचीच नाही, असं गोविंदराव शपथेवर सांगतात. आई जवळ नसताना करणार कोणाला? माझे प्रोफेसर म्हणाले, योगायोग. मी त्यांना विचारलं, तुम्ही ते हात पाहिलेत का?

आम्ही नागपूरला निघालो तेव्हा म्हातारी बैलगाडीपर्यंत आली होती. माझा हात धरून तिनं विचारलं, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. खरं सांगजा, थे माही सोनी होती का?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं... आणि म्हणाले, "मला माहीत नाही, आजी."

अजूनही माहीत नाही.