कोरड्या तलावाचे पोहण्याचे मास्तर

माझ्या मावशीचे यजमान नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. मी त्यांना काका म्हणतो, बाकी सगळं गाव मास्तर म्हणतं. खांदे दारात मावणार नाहीत इतके रुंद, चाल जरा पुढे झुकलेली, आणि बोलणं एवढं कमी, की पहिल्या भेटीत माणसाला वाटावं यांच्या कानात पाणी गेलंय. शिकवतानाही त्यांची दोनच वाक्यं असत. "पाय हलवा," आणि "मी आहे." तेवढ्या भांडवलावर गावातली कितीतरी माणसं तरंगायला शिकली.

ते स्वतः नदीत शिकले. तेव्हा नदीत पाणी असायचं. आता तिच्यातून जे वाहतं त्याला काय म्हणावं यावर एकमत नाही. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने आले आणि नदी रोज नवा रंग लेवू लागली. आज निळी, उद्या डाळिंबी. यंदा कुठल्या रंगाची चलती आहे, हे दुकानदारांच्या आधी काठावरच्या लोकांना कळायचं. वर पांढराशुभ्र फेस. लांबून बघणाऱ्याला दृश्य आवडायचं. जवळ जाऊन कोणी बघत नसे.

त्यामुळे गावाला नळाचं पाणी यायचं ते लांबच्या धरणातून. एका उन्हाळ्यात धरणानेही तळ दाखवला. नळ एक दिवसाआड आले, मग आठवड्यातून एकदा, मग नळ नुसतेच राहिले. नगरपालिकेने बैठक घेऊन पहिला निर्णय काय घेतला, तर पोहण्याचा तलाव पुढील आदेशापर्यंत बंद. तलाव रिकामा झाला. पुढील आदेश काही आला नाही.

मास्तरांची नोकरी मात्र कायम होती. ते रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून तलावावर जात. फरशा झाडत, कबुतरं हाकलत, आणि दुपारी खोल बाजूला शिडीखाली सावली पडे तिथे बसून डबा खात. एकदा एक साहेब तपासणीला आले. मास्तर तलावाच्या तळाशी होते, साहेब काठावर.

"तुम्ही इथे काय करता?" साहेबांनी वरून विचारलं.

"तलाव सांभाळतो."

"पण तलावात पाणी नाही."

"नाही."

"मग पोहायला कोण येतं?"

"कोणी नाही."

साहेबांनी जरा विचार केला. "ठीक आहे. लक्ष असू द्या," म्हणाले, आणि गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र या तलावाचा उपयोग सापडला. बाहेरगावाहून येणाऱ्या टँकरचं पाणी साठवायला गावात तेवढी मोठी दुसरी जागाच नव्हती. तलाव घासून काढला, वर पत्रे घातले, बाहेरच्या भिंतीला तोट्या बसवल्या आणि मास्तरांना पाणीवाटपावर नेमलं. नियम त्यांनीच केला: एका घराला दोन हंडे, रांग सोडून कोणी पुढे यायचं नाही. शिट्टी पुन्हा कामाला आली. रांगेत एक इस्त्रीवाली होती, तिला पुढे घुसायची सवय. मास्तर शिट्टी वाजवायचे, ती मागे जायची. थोड्या वेळाने पुन्हा पुढे दिसायची. पुन्हा शिट्टी. असं रोज चालायचं. दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

माझ्या मावशीला मात्र वाटलं. ती पहिल्याच दिवशी हंडे घेऊन सरळ तोटीपाशी गेली, तर काकांनी शिट्टी वाजवली.

"अहो, मी आहे," मावशी म्हणाली.

"दिसतंय."

"मी तुमची बायको आहे की वस्तीतली कोणी?"

"दोन्ही. पण रांगेत वस्तीतली."

मावशी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पुढे बरेच दिवस तिने काकांना पाण्यात पाहिलं. घरात तेवढंच काय ते पाणी मुबलक होतं. जेवायला वाढायची, पण भिंतीशी बोलायची. "कोणाला आमटी हवी असेल तर भांड्यात आहे," असं.

त्या दिवसांत मी एकदा काकांना न्यायला तलावावर गेलो होतो. वाटप संपलं होतं. एका कोपऱ्यातला पत्रा सरकवून काका आत बघत बसले होते. टँकर नुकतेच रिकामे होऊन गेलेले, तलाव काठोकाठ. पाय पाण्याला लागू नयेत म्हणून त्यांनी मांडी घातली होती.

"उतरावंसं वाटतं का हो?" मी विचारलं.

"पिण्याचं पाणी आहे," ते म्हणाले.

मी विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, पण मला ते पुरलं. त्यांनी पत्रा जागेवर ओढला, त्यावर दगड ठेवला आणि आम्ही घरी आलो.

नदीकडे अधूनमधून सरकारच्या प्रदूषण खात्यातली एक बाई यायची. दोरीला बाटली बांधून कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी पाणी भरायची, बाटलीला चिठ्ठी लावायची आणि बसने परत जायची. लोक तिला नमुनेवाली म्हणत. तिच्या बाटल्यांचं पुढे काय होतं कोणाला माहीत नव्हतं. तिलाही फारसं माहीत नव्हतं, हे तिनेच आम्हाला नंतर सांगितलं.

एका संध्याकाळी ती नळाजवळच्या संरक्षक भिंतीवरून वाकली आणि शेवाळावरून पाय घसरून खाली गेली. पुलावर माणसं जमली. जो तो दुसऱ्याला दोर आणायला सांगत होता. काका सायकलवरून घरी निघाले होते. त्यांनी सायकल कठड्याला टेकवली, घड्याळ काढून शेजारच्या माणसाच्या हातात दिलं, सदरा उतरवला, चपला काढल्या आणि उडी मारली.

नंतर पुष्कळांनी सांगितलं की तेही उडी मारणारच होते.

फेसात काही दिसत नव्हतं. काकांना आधी दोरी लागली, दोरीच्या टोकाला बाई. तिने बाटली छातीशी धरली होती. "बाटली," ती म्हणाली.

"राहू दे बाटली. पाय हलवा," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी आहे."

काठावर आणेपर्यंत दोघांच्याही पोटात बरंच काही गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचं बघितलं, ते दोन दिवसांत निवळलं. कातडीचं निवळेना. काकांचे हात, पाठ, मान सगळं लाल झालं, मग सोललं, आणि रात्रंदिवस आग. नमुनेवालीने अंगभर रबरी कोट आणि हातमोजे घातले होते म्हणून ती थोडक्यात सुटली. काका नुसत्या बनियनवर गेले होते.

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "पण खरं औषध म्हणजे स्वच्छ पाणी. दिवसातून तीन-चारदा भरपूर पाण्याने अंघोळ घालायची. महिनाभर तरी."

मावशीने कागद उलटसुलट केला. "हे औषध कुठल्या दुकानात मिळतं?"

डॉक्टरांनी हात धुवायच्या भांड्याकडे पाहिलं. तिथल्या नळाला त्यांनी फडका बांधून ठेवला होता. 

मावशी हंडे आणि एक बादली घेऊन तलावावर गेली. काकांच्या जागी नगरपालिकेने बागेतला माळी बसवला होता. मावशीने त्याला सगळं सांगितलं. माळी भला माणूस, पण नवीन होता.

"वहिनी, घराला दोनच हंडे. मास्तरांचाच नियम आहे."

"अरे, मास्तरांसाठीच हवंय."

"मी जास्त दिले आणि मास्तर उद्या आले तर मला काय म्हणतील?"

ते काय म्हणतील हे मावशीला पक्कं माहीत होतं. ती दोन हंडे भरून निघाली. तेवढ्यात मागून इस्त्रीवाली आली. त्या दिवशी ती रांगेत आपल्या जागेवर उभी होती. तिने आपल्या भरलेल्या हंड्यातलं कळशीभर पाणी मावशीच्या मोकळ्या बादलीत ओतलं. "माझ्या दोन हंड्यातलं आहे, नियम मोडला नाही," माळ्याला ऐकू जाईल असं म्हणाली. मग तिच्या मागच्या बाईने ओतलं. मग तिच्या मागची. एका म्हाताऱ्या आजींनी तांब्याभरच दिलं आणि म्हणाल्या, "माझी कंबर त्यांनीच पोहायला लावून सरळ केली होती." बादली भरली तशी कोणीतरी पिंप आणलं. पिंप मावशीला उचलेना, तर दोघी घरापर्यंत आल्या.

मी घरीच होतो. मावशी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "पिंप कुठे ठेवायचं सांग, जड आहे."

काका खाटेवर पालथे पडले होते. त्यांनी मान वर केली. "एवढं पाणी कुठून आणलंस?"

"वस्तीतून."

"हे रांगेतलं नाही."

"गप्प पडून राहा," मावशी म्हणाली. इतक्या दिवसांनी ती थेट त्यांच्याशी बोलली होती, त्यामुळे ते गप्प राहिले. तिने त्यांना मोरीत पाटावर बसवलं आणि तांब्यातांब्याने पाणी घातलं. खाली घमेलं ठेवलं होतं. काकांनी डोळे मिटून घेतले होते. पाणी मानेवरून पाठीवर जाताना त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

महिनाभर हे रोज चाललं. वस्तीतल्या बायका पाळीपाळीने पाणी देत होत्या, आणि ती पाळी मोडायची कोणाची हिंमत नव्हती, कारण पाळ्यांवर इस्त्रीवाली देखरेख करत होती.

पुढे या प्रकरणाची सुनावणी झाली. एका मोठ्या कचेरीत लांब टेबल, एका बाजूला खात्याचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला कारखानदारांचे वकील. काकांना साक्षीला बोलावलं होतं. मी बरोबर गेलो. प्रत्येकासमोर पाण्याची बंद बाटली ठेवलेली. काकांनी आपली उघडली नाही.

"नदीत उतरू नये असा फलक तिथे होता," वकील म्हणाले. "तुम्ही वाचला होता?"

"हो."

"तरी उतरलात?"

"बाई बुडत होत्या."

"म्हणजे स्वतःच्या मर्जीने उतरलात."

काकांनी विचार केला. "हो."

वकिलांनी पुढे मांडलं की साक्षीदाराने सगळी हयात औषध टाकलेल्या तलावात काढली आहे, तेव्हा कातडी त्यानेही गेली असू शकते. काका यावर चोख काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. पण ते गोंधळले. "तलावाचं पाणी चांगलं होतं," एवढंच म्हणाले, आणि तेही इतकं हळू की लिहून घेणाऱ्याला ऐकू गेलं नाही.

मग नमुनेवाली उठली. पाण्यातही न सोडलेली तिची बाटली टेबलावर होती. पण अपघातात भरलेला नमुना रीतसर घेतलेला नाही, म्हणून तो बाद ठरला. तेव्हा ती म्हणाली, यांची पाठ बघा. अधिकारी म्हणाले, पाठ तपासायची सोय नियमांत नाही.

सगळ्यांचं ऐकून घेऊन निकाल लागला. कारखान्यांनी पाणी शुद्ध करायची यंत्रणा यथावकाश उभारावी, आणि तोपर्यंत त्या भिंतीला कठडा बसवावा. कठडा आठवड्याभरात बसला. चांगला मजबूत आहे. नदीचा रंग त्या आठवड्यात पिवळा होता.

काकांची कातडी भरून आली, पण हातांवर आणि मानेवर पांढरे डाग राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, आता कुठल्याही साठलेल्या पाण्यात उतरायचं नाही. पोहणं बंद. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वाटपाला हजर झाले. तसं पोहण्यावर त्यांनी पाणी सोडलेलं होतंच, आता त्याला कागदाचा आधार मिळाला, इतकंच. पण मावशी सांगते की त्या आठवड्यात ते झोपेत पाय हलवायचे.

मग एक दिवस नमुनेवाली घरी आली. चहा घेतला आणि म्हणाली, "मास्तर, मला पोहायला शिकवा. कठडा असला तरी मला वाकावं लागतंच."

"पाणी कुठे आहे?" काका म्हणाले.

ते तिने शोधून ठेवलं होतं. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती, खालून झिरपणाऱ्या पाण्याने भरलेली. पाणी स्वच्छ, पण इतकं खारट की टँकरवालेसुद्धा त्याला हात लावत नसत. तिने त्याची बाटली भरून तपासून आणली होती. पिण्यास अयोग्य, बाकी निर्धोक.

पुढच्या रविवारी आम्ही खाणीवर गेलो. काका, नमुनेवाली, मी, आणि मावशी डबा घेऊन. काका काठावर दगडावर उभे राहिले. नमुनेवाली कमरेपर्यंत पाण्यात. मी तिच्या शेजारी, कारण मला काकांनीच शिकवलेलं. काका वरून सांगत होते, मी खालून धरत होतो. तासाभरात ती हात सोडून थोडीशी तरंगली.

तेव्हा मावशीने डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला आणि पायऱ्या उतरू लागली. लग्न झाल्यापासून ती कधी पाण्यात उतरली नव्हती.

"तू कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"सगळ्या गावाला शिकवलंत. मला कधी विचारलंत?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. तिने नमुनेवालीचा हात धरला, माझ्या हातावर पाठ टेकवली आणि अंग ताठ करून पडली. लाकडासारखी.

"अगं, मान सैल सोड," काका म्हणाले. ते दगडावरून पाण्याच्या अगदी कडेला आले होते. "वर बघ. मी आहे."

"माहीत आहे," मावशी डोळे घट्ट मिटून म्हणाली. "जरा बोलू नका."

मी हात हळूच काढून घेतला. ती तशीच राहिली. लुगड्यात हवा शिरून पोटावर फुगा झाला होता, तो तिने एका हाताने दाबला, आणि दाबल्यावर बुडत नाही हे लक्षात आल्यावर डोळे उघडले. काका काठावर उकिडवे बसून बघत होते. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

आता आम्ही दर रविवारी जातो. इस्त्रीवालीही येते. ती पाण्यातही सगळ्यांच्या पुढे जाते, आणि काका तिला काही म्हणत नाहीत.