साध्या झाकणाची हरकत

माझ्या मावशीला सगळी इमारत टाचणी म्हणते. तोंडावर नाही, एवढी छाती कुणाची नाही. आयुष्यभर तिने ओठांत टाचण्या धरून कपडे शिवले, आणि टाचण्या नसत तेव्हा त्याच ओठांतून जे निघायचं ते जास्त टोचायचं. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, वरून टपटपणारं कुणाचं तरी धुणं. ज्याच्याशी ती भांडली नाही असा माणूस इमारतीत शोधून सापडायचा नाही. पण तिचा एक नियम होता. भांडायचं ते तोंडावर. पाठीमागे बोलणाऱ्यांना ती माणसांत धरत नसे. तिचा हा गुण फार तापदायक आहे, पण निम्म्या जगाने तो घ्यावा असं माझं मत आहे.

उतारवयात संधिवात तिच्या बोटांत शिरला. बोटं वाकडी झाली, मशीन झाकून कोपऱ्यात गेलं. मागोमाग हृदयही कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी छोट्या बाटलीतल्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की छातीत कळ आली की लगेच एक जिभेखाली ठेवायची, वाट बघत बसायचं नाही. मावशी एकटी राहते, मुलगा दूरच्या शहरात. ती बाटली तिच्या हाताने उघडते की नाही, यावर तिचा जीव अवलंबून होता. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही.

अशात औषध नियंत्रण कार्यालयाने नव्या नियमाचा मसुदा काढला. यापुढे औषधाच्या प्रत्येक बाटलीला लहान मुलांना उघडणार नाही असं झाकण, दाबायचं आणि दाबलेलंच फिरवायचं. केमिस्टच्या काचेवर कागद लागला की हरकती व सूचना महिनाअखेरपर्यंत लेखी पाठवाव्यात. केमिस्टने नमुन्याची बाटली मावशीच्या हातात दिली. तिने झाकण बोटांनी दाबलं, तळव्याने दाबलं, काउंटरच्या कडेला लावून दाबलं. मग बाटली तशीच बंद परत केली आणि काही बोलली नाही. मावशी बोलत नाही म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, हे केमिस्टलाही कळलं.

इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळाचे सेक्रेटरी भलते उत्साही. त्यांनी एकच पत्र छापून घरोघर वाटलं, खाली फक्त नाव घालायचं. ‘जाहीर निषेध’, ‘घोर अन्याय’ असे शब्द त्यात ठासून भरलेले. मावशीने ते बाजूला ठेवलं आणि सरळ कार्यालयात फोन लावून विचारलं, ही पत्रं वाचतं कोण. पलीकडच्या बाई सभ्य निघाल्या. त्या म्हणाल्या की आम्हीच वाचतो, आणि प्रत्येक वेगळ्या मुद्द्याला आम्हाला लेखी उत्तर द्यावं लागतं. पण एकाच मजकुराची ढीगभर पत्रं आली तरी मुद्दा एकच आणि उत्तरही एकच. नुसतं ‘नको’ म्हटलं तर त्याला उत्तर तरी काय देणार? तुम्हाला काय अडतं ते लिहा, आणि मसुद्यातलं कोणतं वाक्य कसं बदलायचं ते लिहा.

मावशीने हे सेक्रेटरींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, संख्येला मान असतो. ती म्हणाली, तो मतपेटीत. बोलणं तिथेच तुटलं.

तिला पेन धरवत नाही, म्हणून टाइप करायला मी बसले. ती येरझाऱ्या घालत सांगत होती. झाकण उघडायला गेल्यावर काय झालं, कळ कशी येते, घरात दुसरं कुणी नसतं, सगळं नेमकं सांगितलं. शेवटी मात्र जित्याची खोड वर आली. ‘ज्या बायकांना आपली पोरं सांभाळता येत नाहीत, त्यांच्या निष्काळजीपणाची शिक्षा आम्हा म्हाताऱ्यांना का?’ मी ते टाइप केलं आणि विचारलं, पाठवू का? ती थांबली.

वरच्या मजल्यावर बेकरीत काम करणारी एक बाई राहते. आदल्या वर्षी तिच्या मोठ्या मुलीने आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. पोर वाचली, पण कित्येक दिवस त्या घरातून मोठ्याने आवाज म्हणून आला नव्हता.

“हे वाक्य तिच्याबद्दल आहे,” मावशी म्हणाली. “तिला न ऐकवता पाठवलं तर पाठीमागे बोलल्यासारखं होईल.”

मी कोपरापासून हात जोडले. ऐकेल तर ती मावशी कसली? छापलेला कागद घेऊन ती कठडा धरत जिना चढली, मागे मी.

बेकरीवाली नुकतीच कामावरून आली होती. मावशीने उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं, ते वाक्यसुद्धा, आवाज जराही न उतरवता. बाई ऐकत होती आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसत होती.

“मी घरातच होते, मावशी,” ती म्हणाली. “धाकट्याला आंघोळ घालत होते. त्याला पाण्यात सोडून कशी येणार होते? सासऱ्यांच्या हाताला सोपं जावं म्हणून झाकण सैलच ठेवलेलं असायचं. मीच ठेवायचे.”

मावशी खाली बसली. भांडायला गेलेली मावशी खाली बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिने ते वाक्य खोडायला मला सांगितलं. मग आपली बोटं टेबलावर पसरून त्या बाईला दाखवली.

पुढे दोघींची चांगली जुंपली, पण आता कागदावरून. चहा गार झाला. मावशीला साधं झाकण हवं होतं, बेकरीवालीला नियम हवा होता, आणि हळूहळू दोघींच्या लक्षात आलं की ही दोन्ही एका कागदावर मावतात. नव्या पत्राची पहिलीच ओळ होती, ‘हा नियम व्हावा असं माझं मत आहे.’ मी दोनदा विचारून घेतलं. मग मावशीची हकीकत, आणि मग सुचवलेलं वाक्य: रुग्णाने स्वतः मागितल्यास विक्रेत्याने साधं झाकण द्यावं. जिभेखालच्या गोळ्यांना तर ते न मागताच मिळावं. बेकरीवालीने अट घातली की अशा बाटलीवर ठळक इशारा हवा, आणि मुलांपासून जपण्याची जबाबदारी मागणाऱ्याने सही करून घ्यावी. सही घ्यायला मी काय चोर आहे का, असं मावशी म्हणाली आणि मुकाट्याने तेही घालायला लावलं. बेकरीवालीने मुलीची हकीकत आणि हीच मागणी वेगळ्या पत्रात स्वतःच्या हाताने लिहिली.

इमारतीत बोंब झाली की टाचणी नियमाच्या बाजूने फितूर झाली. लोकांनी अबोला धरला. भांडायला माणूस नाही म्हणजे मावशीची उपासमारच, पण तिने ती काढली.

काही महिन्यांनी नियम आला, सोबत हरकतींवरची उत्तरं. मंडळाच्या झाडून सगळ्या पत्रांना मिळून एक ओळ होती, ‘सर्वसाधारण विरोधाची नोंद घेतली.’ मावशीच्या पत्राला अर्धं पान. मागणाऱ्याला साधं झाकण मिळेल, सही आणि इशाऱ्यासह. ज्या आईच्या मुलीला अपाय झाला तिनेही ही सवलत मागितली, म्हणून ती देणं शक्य झालं, असं स्पष्ट लिहिलं होतं. न मागता देण्याची सूचना फेटाळली, त्यावर मावशी पुढे आठवडाभर धुमसत होती. साध्या झाकणासाठी केमिस्टकडे सेक्रेटरी पहिले उभे होते. मावशीने त्यांना पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. त्या पत्राइतकाच मला तिच्या या गप्प बसण्याचा अभिमान वाटतो.

आता बेकरीवाली दुपारी धाकट्याला मावशीकडे सोडून कामावर जाते. परवा संध्याकाळी ती त्याला न्यायला आली, तर मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, कपाळावर घाम, गोळी जिभेखाली. पोरगं शेजारी रिकाम्या रिळांचा मनोरा रचत होतं. बाटली कुठे दिसेना. बाईने आधी डॉक्टरांना बोलावलं, मग शोधली. बाटली कपाटाच्या माथ्यावर होती, साधं झाकण घट्ट लावलेलं.

मावशीच्या चेहऱ्यावर रंग आल्यावर बेकरीवाली तिच्यावर तडकलीच. “गोळी घेतली की आधी बसायचं ना, मावशी. एवढ्या दुखण्यात वर हात कशाला नेलात?”

गोळी अजून पुरती विरघळली नव्हती, त्यामुळे मावशीला नीट बोलता येत नव्हतं.

“सही केलीय मी,” ती म्हणाली.