ओली दिसणारी भिंत

गाव सोडलं त्या दिवशी आई एसटी स्टँडपर्यंत आली नव्हती. तिची पाठ तेव्हाच धरलेली असायची. माजघरात नेहमीच्या जागी भिंतीला टेकून ती बसली होती आणि तिच्या डोक्यामागे, वर्षानुवर्षं टेकून पडलेला, ताटलीएवढा तेलाचा डाग होता. मी पाया पडलो. "पोचलास की फोन कर," एवढंच ती म्हणाली. दादा, तू दारात मोटारसायकल चालू करून उभा होतास. मला रडू आलं नाही. बस चुकते की काय, एवढीच काळजी होती.

परवा तुझा फोन आला. पोरीचं लग्न दारात मांडव घालून करायचं, त्याआधी घर रंगवायचं. "तुझी नोकरीच रंगाची हाय की," म्हणालास. "कुठल्या खोलीला कसला रंग मारायचा ते नीट लिहून धाड."

लिहितो. पण आधी माझं ज्ञान किती ते ऐक, म्हणजे फार भरवसा ठेवणार नाहीस.

लातूरहून आलो तेव्हा निघोजेत एका खोलीत आम्ही पाच जण होतो. चाकणच्या मोटारींच्या कंपनीत मला पेंट शॉप, म्हणजे गाड्या रंगवायचा विभाग मिळाला. काम एकच, रंगून आलेली गाडी ट्यूबलाइटखाली बघायची. पत्र्यात ट्यूब सरळ दिसली तर ओके, वाकडी दिसली तर गाडी मागे. हे इतकी वर्षं केलं की माणूस चमकेलाच चांगलं म्हणायला लागतो. मोशीला फ्लॅट घेतला आणि आईला कायमचं इकडे आणायचं ठरवलं, तेव्हा तिच्या खोलीलाही मी ग्लॉस सांगितला, पार आरशासारखा.

आमचे रंगारी सलीमभाई. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, गिलावा सरळ न्हाई. चमक आली की सगळे खड्डे दिसतील. इथं मॅट घ्या." मी त्यांना ऐकवलं की रंगातलं मला शिकवू नका. लाइनवरचा मित्र घर बघायला आला तर म्हणाला, "भावा, खोली रंगवलीस का बॉनेट?" त्यावरही मी खूश.

आई आली. पहिल्याच दिवशी खोलीच्या मधोमध सतरंजी टाकून बसली. टेक म्हटलं, तर नको म्हणाली, लुगडं खराब होईल. रंग वाळून महिना झाला होता. मी तिचा हात धरून भिंतीला लावला.

"वाळली असंल बाबा," ती म्हणाली, "पर मला ओलीच दिसायली."

मी हसलो. नंतर नीट पाहिलं तर भिंतीत ट्यूब सापासारखी वाकडी दिसत होती. कंपनीत असती तर मीच मागे पाठवली असती. बदलून घेऊ म्हटलं, पण ओव्हरटाइम चालू होता, दिवाळीनंतर बघू म्हटलं. आई वीस दिवस बिनटेकीची बसली. मग पाठ दुखते म्हणून गावी गेली ती गेलीच. चूक माझी होती, हे मी तिला कधी बोललो नाही.

ती वारली तेव्हा मी आलो, सगळं केलं, तेराव्यानंतर परत लाइनवर उभा राहिलो. त्या आठवड्यात एकही दोष माझ्या नजरेतून सुटला नाही. लोक म्हणाले, सावरलास. सावरलो कुठला, काही वाटतच नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही. तिची खोली तशीच चकचकीत आहे. वीस दिवस ती इथे होती, पण भिंतीवर बोटाचासुद्धा ठसा नाही.

तर दादा, स्वयंपाकघराला ऑइलपेंट मार, फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्यानं निघतात. न्हाणीलाही तोच. दारांना चकचकीत चालेल. पोरीच्या खोलीला सॅटिन घे, चमक थोडीच असते आणि पुसताही येतं. माजघराला मात्र मॅट. गिलावा आपणच केलाय, तो सरळ कुठून असणार!

राहिली आईची जागा. तेलाचा डाग नुसत्या रंगानं झाकत नाही, काही दिवसांनी वर येतो. म्हणून रंगारी म्हणेल, आधी सोड्यानं घासू, मग प्राइमर मारू. बाकी भिंतीला मारू दे. तेवढ्या जागी घासायचं नाही, प्राइमर नाही, नुसता रंग फिरवायचा. लग्नात भिंत साफ दिसेल, वहिनींना वाईट वाटायला नको.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी मोशी सांगतो. पत्ता तोच आहे.

लग्नाला येतोच. पण दिवाळीत पुन्हा येईन, चार दिवस सुट्टी काढून. तोवर डाग वर आलेला असेल. मला तिथे टेकून बसायचंय.